काटा, काच आणि सिमेंटचे जोड: नागपुरात रोड बाइकसाठी नवे टायर कसे निवडावेत

नवा टायर मागवण्याआधी जुना टायर रिमवरून उतरवा आणि भर उजेडात आतून-बाहेरून पाहा. ट्यूब फेकू नका, तिच्यावरची भोकंही पाहा. तुमच्या पंक्चरचं खरं कारण तिथेच सापडतं, आणि कारण कळल्याशिवाय घेतलेला टायर कितीही महाग असला तरी पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा. रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल, तर काटा, काच किंवा तार टोचलेली आहे. याला उपाय टायरच्या आतल्या संरक्षक पट्ट्याचा. एकमेकांशेजारी दोन लहान चिरा असतील, तर खड्ड्यात किंवा रस्त्याच्या कडेवर आदळताना ट्यूब रिममध्ये चिमटली आहे. म्हणजे हवा कमी होती, नाहीतर टायर तुमच्या वजनाच्या मानाने अरुंद होता. इथे जाड पट्ट्याचा टायर घेऊन काही साधत नाही, रुंदी वाढवावी लागते. भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर टायरचा दोषच नाही: रिम टेप (रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे किंवा अरुंद आहे, आणि स्पोकच्या भोकाची कड ट्यूबला कापते आहे. वॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप लावताना-काढताना हिसका बसतो. आणि बोटभर लांब फाटलं असेल तर टायर चढवताना ट्यूब बीडखाली, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेखाली, अडकली होती.

ही तपासणी सोपी व्हावी म्हणून एक सवय लावून घ्या. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हच्या अगदी लगत आणा. मग ट्यूबवरचं भोक वॉल्व्हपासून जितकं दूर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधायचा. पूर्ण टायर चाचपडत बसावं लागत नाही, आणि आत राहिलेला काटा नव्या ट्यूबला दोन किलोमीटरवर पुन्हा टोचण्याचा प्रसंगही टळतो.

टायर खरोखर बदलायला आलाय का, हेही तेव्हाच ठरवा. मधला गोलवा जाऊन पट्टी सपाट झाली असेल, रबराखालचे धागे दिसत असतील, बाजूला फुगवटा असेल किंवा बाजूचं रबर भेगाळलं असेल, तर बदला. कॉन्टिनेंटलसारख्या काही कंपन्यांच्या टायरवर झीज दाखवणारे दोन छोटे खळगे असतात. ते दिसेनासे झाले की टायर संपला. मागच्या चाकावर वजन जास्त आणि पेडलचा जोरही त्यावरच, त्यामुळे मागचा टायर आधी झिजतो. तो एकटाच गेला असेल तर नवा टायर पुढे लावा आणि पुढचा मागे न्या. झिजलेला टायर कधीही पुढे लावू नका: मागचा फुटला तर सायकल सावरता येते, पुढचा फुटला तर बहुधा माणूस पडतोच.

इथले रस्ते काय करतात

नागपुरातले बरेच मोठे रस्ते आता सिमेंटचे आहेत. सिमेंटचा पृष्ठभाग कडक, आणि ठरावीक अंतरावर आडवे जोड. तासभर चालवलं की हे जोड मनगटात आणि कमरेत जाणवतात. त्याहून त्रासदायक उभे जोड, म्हणजे रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या फटी, आणि सिमेंट संपून गट्टू किंवा माती सुरू होते तिथली उतरती कड. २३ मिमीचा टायर अशा फटीत सहज उतरतो. गट्टूवरून परत सिमेंटवर तिरकं चढायला गेलं की टायरची बाजू घासते आणि चिरते. तिथे जमेल तितकं काटकोनात चढावं.

शहराबाहेर वेगळा प्रकार. काटोल, कळमेश्वर, उमरेड, रामटेककडच्या रस्त्यांवर दोन्ही अंगांना बाभूळ. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या ओढून नेताना काटे डांबरावर पडतात. पावसाळा संपला की कडेच्या गवतातून सराटे येतात, ज्याला गोखरूही म्हणतात. ते टायरला चिकटून राहतात आणि फिरता फिरता आत घुसतात. वर्धा रोड, अमरावती रोड, भंडारा आणि जबलपूरकडचे हायवे इथे मात्र काट्यापेक्षा तार जास्त. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारेचे केसासारखे तुकडे कडेच्या पट्टीवर पसरतात, आणि सायकल त्याच पट्टीवरून जाते. ही तार रबरात शिरली की बाहेरून दिसत नाही. टायर आतून कापडाने पुसला तर तार कापडात अडकते. बोटाने चाचपडू नका, बोट कापतं.

म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही जास्त कुठे चालवता? सिव्हिल लाइन्स, फुटाळा, सेमिनरी हिल्स एवढाच सकाळचा फेरा असेल तर रुंदी आणि आराम आधी, पट्टा मध्यम चालेल. हायवेने लांब जाणं किंवा २००-३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) असतील तर पट्टा आणि बाजूचं संरक्षण दोन्ही हवं.

रुंदी: आराम इथेच मिळतो

आराम हँडलच्या टेपमध्ये किंवा सीटच्या जेलमध्ये शोधला जातो, पण सर्वात मोठा फरक टायरमधल्या हवेच्या आकारमानाने पडतो. टायर रुंद असला की तेच वजन कमी दाबावर उचलतो, रिम खाली आदळू देत नाही आणि जोडाचा धक्का अंगापर्यंत येण्याआधी गिळतो. रुंद टायर हळू चालतो ही समजूत गुळगुळीत ट्रॅकच्या काळातली. दाब सारखा ठेवला तर रुंद टायरचा रस्त्यावरचा ठसा आखूड आणि आडवा पडतो, बाजू कमी वाकते, म्हणून तो उलट हलका फिरतो. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा फुगवलेला अरुंद टायर सायकलसकट तुम्हाला सतत वर उडवतो, आणि त्या प्रत्येक धक्क्यात तुमचीच ताकद जाते. वाऱ्याचा थोडा तोटा आहे, पण तो शर्यतीच्या वेगाला.

आमचं मत सरळ आहे: फ्रेम परवानगी देत असेल तर नागपुरात २८ मिमीपेक्षा कमी घेऊ नका. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर ३२ घ्या. २५ फक्त तेव्हा, जेव्हा जुन्या फ्रेममध्ये त्याहून काही बसतच नाही. २३ चा विचार सोडून द्या.

आता बसतं की नाही, हे मोजायचं. टायरच्या बाजूवर २५-६२२ किंवा ७००×२५ असं लिहिलेलं असतं. ६२२ हा रिमवर बीड बसते त्या जागेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नव्या टायरवर हा आकडा तोच असायला हवा, यात तडजोड नाही. आधीचा आकडा रुंदीचा, तो बदलता येतो. रिमची आतली रुंदीही पाहा. जुन्या रिम १३ ते १५ मिमी, अलीकडच्या १७, १९, २१ किंवा जास्त. रिम रुंद असली की टायर लिहिलेल्यापेक्षा जाड भरतो. आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर साधारण ०.४ मिमीने फुगतो. म्हणून २५ चा टायर १९ मिमीच्या रिमवर २६-२७ मोजला तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

फ्रेममधली जागा मोजायला ४ मिमीची अॅलन की पुरेशी आहे. सध्याच्या टायरमध्ये नेहमीची हवा भरा आणि चार ठिकाणी की सरकवून पाहा: पुढच्या फोर्कच्या मुकुटाखाली, ब्रेकच्या कमानीखाली, मागे सीट ट्यूबजवळ, आणि मागच्या दोन दांड्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना. नवा टायर ३ मिमीने रुंद असेल तर प्रत्येक बाजूला दीड मिमी आणि वरती जवळपास ३ मिमी जागा जाईल. ती वजा करूनही ४ मिमी उरायला हवेत. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटून येते आणि जागा कमी असली की चाक तिथेच जाम होतं. चाक थोडं वाकडं झालं तरी घासतं. मडगार्ड लावत असाल तर त्याचीही जागा धरा.

रिम ब्रेकवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नेहमीच्या रोड कॅलिपरखाली (रिमला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ब्रेकच्या कमानीखाली) बहुतेक वेळा २८ पर्यंतच जागा असते, आणि बसला तरी हवा भरलेलं चाक ब्रेकच्या रबरांमधून निघत नाही. कॅलिपरवरची छोटी कळ उघडून जागा होत असेल तर ठीक, नाहीतर चाक काढताना दर वेळी हवा सोडावी लागेल.

पट्टा, धागा, बाजू

पंक्चरपासून वाचवणाऱ्या टायरमध्ये रबर आणि कापडाच्या मध्ये एक थर असतो. तो दोन जातींचा. एक, घट्ट विणलेला पातळ पट्टा: केव्हलार, व्हेक्ट्रान किंवा नायलॉनचा. वजन कमी, टायर लवचीक राहतो, काच आणि तारेला चांगला अडवतो, पण सुईसारखा बारीक काटा कधी कधी विणीतून वाट काढतो. दुसरा, जाड लवचीक रबराचा थर. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तो ५ मिमीचा आहे. सराट्याचं टोक ट्यूबपर्यंत पोचतच नाही. पण टायर जड आणि ताठ होतो, आणि आराम हवा म्हणून टायर बदलत असाल तर हा ताठपणा लगेच जाणवतो. रोज कामाला सायकलने जाणाऱ्यासाठी तो उत्तम. लांब पल्ल्याच्या रोड बाइकला आम्ही सहसा सुचवत नाही.

पट्टा फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली आहे की एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत, हे विचारा. गिट्टी आणि गट्टूची कड टायरची बाजू कापते, आणि बाजूची चीर पॅचने सुधारत नाही. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन याच कारणाने टिकतो: त्याच्या बाजूंवर जाळीदार नायलॉनचं आवरण आहे. तो ताठ चालतो आणि ओल्या सिमेंटवर त्याची पकड त्या मानाने कमी, हेही जाणून घ्या. त्याच कंपनीचा ग्रां प्री ४-सीझन व्हेक्ट्रानचे दोन थर आणि बाजूचं तसंच आवरण घेऊन येतो, आणि चालवायला बराच मऊ. महाग आहे, पण आराम आणि संरक्षण यांचा मेळ हवा असेल तर असाच टायर शोधावा. ग्रां प्री ५००० वेगाचा टायर आहे. शहरातल्या स्वच्छ रस्त्याला छान, उमरेड रोडच्या कडेला नाही. व्हिटोरियाचा रुबिनो प्रो मधल्या किमतीत समतोल राखतो. दुकानात यांतलं काही नसेल तर नावापेक्षा गुण विचारा: २८ किंवा ३२ मिमी, घडी होणारी बीड, पट्टा आणि बाजूचं संरक्षण.

टीपीआय म्हणजे इंचामागे धागे किती. ६० चा टायर जाड धाग्याचा आणि ताठ; १२० चा बारीक धाग्याचा आणि मऊ. पण काही कंपन्या तीन थरांचे धागे एकत्र मोजून १८० किंवा ३३० लिहितात, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. घडी होणारा टायर तारेच्या बीडवाल्यापेक्षा हलका, आणि लांबच्या राइडला जादाचा एक बॅगेत नेता येतो. नक्षीकडे दुर्लक्ष करा. सायकलच्या वेगाला पाण्यावर टायर तरंगत नाही, त्यामुळे खाचा पाणी कापतात या बोलण्याला अर्थ नाही. उलट खाचेत काच अडकते. गुळगुळीत टायर घ्या.

एक इशारा: दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेला टायर घेऊ नका. विदर्भातलं ऊन रबराला कडक करून भेगा पाडतं. बाजू बोटांनी दुमडून पाहा, बारीक भेगा उघडतात का ते दिसतं.

लायनर आणि जेल यांबद्दल नेहमी विचारणा होते. टायर आणि ट्यूबच्या मध्ये टाकायची प्लास्टिकची पट्टी काटे अडवते, पण तिची टोकं घासून ट्यूबला स्वतःच भोक पाडतात, आणि टायर ताठ होतो. ट्यूबमध्ये भरायचं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, सराट्याच्या भोकाला चालतं, मात्र ७०-८० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) दाबाला भोक बंद होण्याआधीच बाहेर उडतं, आणि मग त्या ट्यूबवर पॅचही नीट चिकटत नाही. त्यापेक्षा ते पैसे चांगल्या टायरमध्ये घाला.

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारा टायर, हा खरा पर्याय आहे, पण रिम आणि टायर दोन्ही त्यासाठीच बनलेले हवेत. २८ मिमीला ३०-४५ मिली सीलंट लागतं. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून मार्च ते जून दर महिन्याला चाक हलवून आत द्रव उरला आहे का ते पाहा. हुक नसलेली रिम (जिच्या आतल्या कडेला बीड अडकवणारी वळलेली धार नसते) असेल तर कंपनीच्या यादीतलाच टायर लावा आणि ७२ पीएसआयच्या वर जाऊ नका; बीड सुटली तर टायर चालत्या चाकावरून निघतो.

हवा

टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. साधारण ७० किलोचा माणूस, सायकल आणि पाणी मिळून १२ किलो, आत साधी ट्यूब, एवढं धरून सुरुवात अशी करा: २५ मिमीला पुढे ७५, मागे ८५. २८ ला पुढे ६०, मागे ७०. ३२ ला पुढे ५०, मागे ५८ पीएसआय. वजन ५ किलोने जास्त असेल तर दोन्हीकडे साधारण ३ वाढवा, कमी असेल तर तेवढेच घटवा. मग ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहा. जोडावर दात वाजत असतील तर ३ ने कमी करा. वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिमचा ठोका ऐकू आला तर ३ ने वाढवा. नवा रुंद टायर लावून जुन्याच १०० पीएसआयवर चालवला तर बदलाचा पैसा फुकट.

साध्या ब्यूटाइल ट्यूबमधूनही हवा रोज थोडी झिरपते. आठवड्यातून दोनदा, लांब राइडच्या आधी तर नक्कीच, दाब दाखवणारा काटा असलेल्या फ्लोअर पंपाने मोजा. अंगठ्याने दाबून ६० आणि ८० मधला फरक कळत नाही. मे महिन्यात पहाटे २८ अंशांना ७० भरलेला टायर दुपारच्या ४५ अंशांत जवळपास ५ पीएसआयने चढतो. चालवायला त्याने फारसं बिघडत नाही, पण कमाल मर्यादेपर्यंत फुगवलेली सायकल बंद कारमध्ये उन्हात ठेवू नका. पेट्रोल पंपाची नळी रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर टूल बॅगेत ठेवा, आणि कॉम्प्रेसरची हवा एकदम न सोडता दोन-दोन सेकंदांनी सोडा.

चढवताना

रिम टेप आधी पाहा: ती आतल्या पूर्ण रुंदीची हवी, एकही स्पोकचं भोक उघडं नको. टायरवर दिशेचा बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने ठेवा. एक बाजू पूर्ण चढवा. ट्यूबमध्ये गोल होईल इतकीच हवा भरून ती आत बसवा. दुसरी बाजू वॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध टोकापासून सुरू करून दोन्ही हातांनी वॉल्व्हकडे आणा. शेवटचा वीतभर भाग घट्ट लागला तर लगेच लिव्हर घालू नका. चढलेली बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, ढील मिळते आणि अंगठ्यांनी चढतो. शेवटची बाजू लिव्हरने ओढणं हे नव्या ट्यूबला भोक पडण्याचं मोठं कारण आहे.

मग वॉल्व्ह आत ढकलून परत खाली ओढा, म्हणजे तिथे ट्यूब दबलेली राहत नाही. टायर बोटांनी बाजूला सारत पूर्ण चाकाला फेरी मारा, ट्यूब कुठे डोकावते का पाहा. ३० पीएसआय भरून चाक फिरवा: बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या जागी आत गेली किंवा वर आली असेल तर हवा सोडून तेवढा भाग हाताने ओढून बसवा. सगळं नीट असेल तरच पूर्ण हवा भरा. सायकल कॉम्प्युटर चाकाच्या परिघावर चालत असेल तर आकडा बदला: २५ साठी २१०५, २८ साठी २१३६, ३२ साठी २१५५ मिमी.

हायवेवरून किंवा काट्याच्या रस्त्यावरून आलात की हवा उतरवायची गरज नाही, चाक हाताने फिरवत दोन्ही टायर पाहा. रुतलेली काच सुईने काढून टाका. ती लगेच पंक्चर करत नाही, दर फेरीला थोडी आत सरकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टा ओलांडते. लांब बाभळीचा काटा सरळ उभा बसला तर मात्र कोणताही रोड टायर त्याला थांबवू शकत नाही, त्यामुळे जादा ट्यूब, दोन लिव्हर, पंप आणि पॅच सोबत हवेच. उतरवलेल्या जुन्या टायरचा बीड कापलेला ७-८ सेंटीमीटरचा तुकडाही बॅगेत टाका. वाटेत बाजू चिरली तर तो चिरेच्या आतून आधार (गेटर) म्हणून लावा, हवा १०-१५ पीएसआयने कमी ठेवा आणि घरी पोचल्यावर तो टायर बदलून टाका.